एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

घर,
ता. ९ मार्च

ति. सौ. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

सगळं बदललं ते सरावाच्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. तरणतलावाच्या नोंदवहीवर बसणाऱ्या मुलीने माझा डावा दंड धरला आणि जाड काळ्या पेनने त्यावर चाळीस हा आकडा लिहिला. पेन नीट चालेना, म्हणून तिने शून्य दोनदा गिरवलं. ते शून्य मी चार दिवस धुतलं नाही. आईने साबण हातात कोंबला तरी उजवाच हात भिजवला. हसू नकोस.

आता दुसरी बातमी. ती तुला दाजींकडून कळलीच असेल. कॉलेज सोडून मला चार महिने झाले. त्या मुलीची तरणतलावावरची कामाची पाळी आणि माझे तास एकाच वेळी येतात, दोन्हीकडे हजेरी मला जमेना. दाजी माझं काही काम म्हणून कॉलेजात गेले आणि शिपायाने त्यांना सगळं सांगितलं. परवा जिन्यातच आमचं वाजलं. मी जरा जास्तच बोललो. शेवटी पैज ठरली. बावीस तारखेला मोठ्या तलावावर क्लबची ट्रायथलॉन आहे, तीत ते पाण्यातून आधी बाहेर आले, तर मी त्याच संध्याकाळी बाबांना सगळं सांगायचं. मी आधी आलो, तर त्यांनी तोंड उघडायचं नाही. सायकल आणि धावणं पैजेत नाही, तिथे त्यांची दमछाक बघवणार नाही.

बाबांना सध्या जमिनीवर पाय ठेवायला वेळ नाही. त्यांनी क्लबसाठी फळी केली आहे, आपल्या दारामागे आहे तशीच, फक्त साठ खुंट्यांची. घरी आपण बाहेर जाताना बिल्ला खुंटीला लावतो आणि आत आलं की काढतो, तसंच तिथे. पाण्यात उतरताना लावायचा, वर आलं की काढायचा. फळी रिकामी झाली की नोंदवहीवाली शिट्टी वाजवणार आणि राखणीच्या होड्या परत फिरणार. तीस वर्षं कारखान्याची हत्यारखोली सांभाळली, एक पाना हरवू दिला नाही, हे बाबांनी क्लबवाल्यांना तीनदा ऐकवलं. त्यांची फळी बघायला सगळ्या घराने तलावाकाठी दोन दिवस राहायचं ठरलंय. तूही ये.

माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

*

ता. १४ मार्च

चि. फटाक्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर तू दोन वाक्यांत भडकतोस आणि मी तिसऱ्यात. पत्रात निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

शून्य धुतलंस का? त्या मुलीला तुझं नाव तरी माहीत आहे, की तू तिच्या वहीत नुसता चाळीस आहेस? आधी तेवढं विचारून घे, मग आंघोळ सोड.

कॉलेजचं मला आवडलेलं नाही. पण त्याहून तू ह्यांना जिन्यात जे बोललास ते आवडलेलं नाही. हे घरी येऊन हसत होते, म्हणाले, पोरगा मनाने चांगला आहे, फक्त तोंड आधी पळतं. तुझ्यासाठी क्लबचा नंबरही तुझ्या शेजारचा मागून घेतला, एक्केचाळीस.

फळीचं वाचून लहानपण आठवलं. शाळेतून जो आधी येईल त्याने दुसऱ्याचाही बिल्ला काढून खिशात घालायचा, आणि ज्याच्या खिशात बिल्ला त्याचं रात्रीपर्यंत ऐकायचं. तुझा बिल्ला दाबून मी किती भांडी घासून घेतली असतील. आई शोधत बसायची, फळीवर बिल्ला नाही म्हणजे पोरगं आलं, मग आहे कुठे? एकदा बाबांनी आपल्या दोघांनाही त्यावरून बदडलं होतं.

एक काम सांगते. ह्यांच्या डाव्या पोटरीत हल्ली गोळा येतो. मला सांगत नाहीत, पण झोपेत पाय धरून उठतात. पैज तुझी तू जिंक. फक्त पाण्यातून वर येताना एकदा मागे वळून बघ. तेवढंच कर माझ्यासाठी.

आशीर्वाद आहेतच, सोबत डोकं थंड ठेव.

तुझी,
ताई

*

घर,
ता. २३ मार्च

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काका दवाखान्यात डबा आणताहेत, त्यांच्याकडे हे देतो. आईने सांगितलं की दाजींनी अजून डोळे उघडले नाहीत आणि श्वास यंत्रावरच आहे. तू काही खात नाहीस असंही म्हणाली. दोन घास खा.

काल नक्की काय झालं ते तू सगळ्यांना विचारते आहेस म्हणे. मला माहीत आहे तेवढं लिहितो. आम्ही एकदमच उतरलो. सगळ्यांच्या टोप्या केशरी, त्यामुळे पाण्यात कोण कुठे ते कळत नव्हतं. मी पाचवा बाहेर आलो. सायकलवरून परत आलो तेव्हा दाजींची सायकल अजून कठड्याला टेकलेली होती. तिच्या दांडीला तू बांधलेला रुमाल तसाच होता. मला वाटलं, पाय दुखला म्हणून त्यांनी पाण्यानंतर सोडून दिलं असेल. मला बरं वाटलं, ताई. मग मी धावलो. शेवटच्या वळणावर आई, काका कोणीच टाळ्या वाजवायला नव्हते. गळ्यात पदक घातलं तेव्हा समोर ती दिसली. फळीपाशी उभी होती, साठही खुंट्या रिकाम्या, आणि तिने शिट्टी दोन्ही हातांत घट्ट धरली होती.

सगळे तिलाच दोष देताहेत. फळी न बघताच शिट्टी वाजवली म्हणतात. गुरुवारी अकरा वाजता क्लबच्या कचेरीत चौकशी आहे, पोलीसही येणार आहेत. तरणतलावाच्या कामावरून तिला आजच काढलं. बाबा सकाळपासून अंगणात फळी आडवी ठेवून बसलेत. एकेक खुंटी हलवून बघतात, सैल होती का, बिल्ला आपोआप पडला का. सत्तावन्नपर्यंत बघितल्या, सगळ्या मजबूत आहेत म्हणाले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी तिकडे येऊ का? आई नको म्हणते.

तुझा,
धाकटा

*

दवाखाना,
ता. २५ मार्च

चि. धाकट्यास,

आई आज घरी येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. अजून येऊ नकोस.

काल ह्यांचे हात पुसायला मला आत सोडलं. दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ आहेत, उजव्या हाताची कातडी सोलली आहे. डॉक्टर म्हणाले, असे वळ एका झटक्यात पडत नाहीत. तलावात वळण दाखवायला पिवळा पिंप सोडतात, त्याच्या दोराला हे धरून होते. पिंप गोळा करायला गेलेल्या होडीवाल्याला सापडले तेव्हा हात सुटले होते, पण बोटं तशीच वाकलेली होती. तो म्हणतो, पाव तास तरी धरलं असेल. म्हणजे हे वाट बघत होते. होड्या माघारी जाताना ह्यांना दिसल्या असतील.

ती मुलगी आली होती. दाराबाहेर तासभर उभी राहिली. मी फाडफाड बोलले, तिने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, की तिने फळी पाहिली होती. शेवटपर्यंत एकच बिल्ला उरला होता, एक्केचाळीस. एका पोराच्या दंडावरचा आकडा पुसला गेला म्हणून तो परत आला होता, तो आकडा लिहायला तिने मान खाली घातली. मान वर केली तर खुंटी रिकामी. कोणाचा दंड, ते मी तिला विचारलं नाही.

ह्यांचे कपडे पिशवीत घालून दिलेत. घड्याळ, चष्मा, टोपी. मी सगळं उलटंपालटं करून पाहिलं. बिल्ला नाही. पाण्यातून आणलेल्या माणसाकडे नाही, फळीवर नाही, बाबांना काठावर सापडला नाही.

आता तू तुझा खिसा बघ.

ताई

*

घर,
ता. २६ मार्च, सकाळ

ताई,

सगळं बदललं ती वेळ मी तुला चुकीची सांगितली होती. ती आठ वाजून बावीस मिनिटं.

मी पाण्यातून आलो, माझा बिल्ला काढला, ओल्या अंगावर सदरा चढवला आणि सायकलकडे न जाता बाकीचे सगळे वर येईपर्यंत काठावरच रेंगाळलो. दाजी यायचे होते. पैज मी जिंकलीच होती, पण तेवढ्याने भागेना. त्यांनी धापा टाकत वर यावं, खुंटीवर बिल्ला नाही हे बघावं आणि माझ्यामागे यावं, असं मला हवं होतं. ज्याच्या खिशात बिल्ला त्याचं ऐकायचं. एक केशरी टोपी काठाकडे येताना दिसली, ती त्यांचीच असं मी धरून चाललो. दंडावरचा चाळीस मी अंगठ्याने पुसला आणि तिच्यापुढे हात केला. तिने मान खाली घातली. तिच्या केसांना पाण्याचा वास येत होता. ती शून्य गिरवत होती तेव्हा माझा दुसरा हात फळीवर होता. मग मी सायकलकडे पळालो. मागून शिट्टी ऐकू आली आणि मला हसू आलं.

ती टोपी दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावरून निसटलेली, नुसतीच तरंगत आलेली होती. तू सांगितलं होतंस तसं मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सदऱ्याच्या खिशात दाजींचा बिल्ला अजून होता. आईने धुवायला मागितला तेव्हा मी दिला नाही. त्या मुलीच्या बाजूने कचेरीत जाऊन भांडायचं, टेबलं उलटायची, असं तीन रात्री मनात रंगवत होतो. भांडायचं कोणाशी, ते तुझ्या पत्राने कळलं. दाजी उठले तर त्यांना हे तू सांगू नकोस, मी सांगेन. नाही उठले तर, ताई, पुढचं वाक्य मला लिहिता येत नाही.

बाबांना आत्ता सांगितलं. कॉलेजचंही सांगितलं, ते त्यांना ऐकूही गेलं नाही. अंगणातली फळी त्यांनी उचलून भिंतीला टेकवली, हात धुतले आणि आत जाऊन बसले. आई तुझ्याकडेच यायला निघाली आहे, तिच्या पिशवीत हे ठेवतो.

लोभ ठेव असं लिहायला हात उचलत नाही. ठेवायचा की नाही ते तू ठरव.

दहा वाजले. अकराला चौकशीला कचेरीत पोचायचं आहे. एक्केचाळीसचा बिल्ला वरच्या खिशात आहे. माझा घरचा बिल्ला दारामागच्या खुंटीला लावला आहे. मी स्वतः परत येईपर्यंत तो कोणी काढू नका, म्हणजे मी बाहेर आहे हे सगळ्यांना दिसत राहील. निघालो. दार ओढून घेतो.