शिंपली दिसेपर्यंत

॥ श्री ॥

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२१ जानेवारी १९७५

ती. स्व. दाजी यांस,
ज्ञानूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपले पत्र पावले. त्यात पहिल्या ओळीत आशीर्वाद आहे आणि दुसऱ्या ओळीपासून माझी चामडी सोलली आहे. आईने वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा मी पहिली ओळ वाचून पत्राची घडी घातली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी मलकापुरात येऊन आपल्या कापडदुकानात माशांची काचपेटी बसवून दिली. तिचे पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले आहे, गिऱ्हाईक हसते, आणि मी तळाला फौंड्रीतली काळी वाळू घातली म्हणून हे झाले, असे आपण लिहिता. दाजी, मी शिरोलीला फौंड्रीत साचे भरतो, म्हणून मी हात लावीन ती वाळू फौंड्रीची होत नाही. ती वाळू पंचगंगेची आहे. घाटावर बसून चाळली, आणि वरचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. चौकट मी सुट्टीच्या सोमवारी स्वतः वेल्डिंग केली. लग्नाच्या मानपानात राहून गेलेली वस्तू म्हणून पेटी आपणच मागितली होती, मी मागे लागून दिलेली नाही.

मासे ज्याच्याकडून आणले त्याला मी विचारून आलो. तो म्हणतो, नव्या पेटीचे पाणी काही दिवस पांढरे होतेच. हात लावला नाही तर आपले आपण नितळते. तरी पाणी बदलू नये, आणि खाणे चिमटीत मावेल तेवढेच घालावे.

आता मुख्य गोष्ट. आक्काला सातवा लागला आहे. पहिले बाळंतपण माहेरी, हे ठरलेले आहे, आणि आठव्यात तिला गाडीत बसवता येणार नाही. मी आलो तेव्हा तिचे पाय घोट्याच्या वर सुजलेले होते आणि ती शिवणयंत्र चालवत होती. आई रोज विचारते, कधी पाठवणार?

लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
ज्ञानू


॥ श्री ॥

मलकापूर
२७ जानेवारी १९७५

चि. ज्ञानू यास,
अ. आ. वि. वि.

आठवीतून शाळा सोडलेल्याने मॅट्रिक झालेल्याला पाणी शिकवावे, हे वाचून करमणूक झाली.

आमच्या घरात शिळे पाणी राहत नाही. आई पहाटे उठून हंडा, घागर, तांब्या, सगळे पालथे करते आणि ताजे भरते. तुझी पेटीही रोज बादलीने उपसून भरली जाते. तरी दुपारी बघावे तर गढूळ. तेव्हा दोष पाण्याचा नसून पेटीचा आहे आणि ती करणाऱ्याचा आहे. परवा मी तुरटी फिरवली. संध्याकाळी पाणी आरशासारखे झाले, लोकांना बोलावून दाखवले. सकाळी काळा मासा उताणा पडलेला, आणि दुपारी पाणी पुन्हा होते तसेच. पोटुशी बाई समोर बसलेली असताना मेलेला जीव तरंगत ठेवणारी ही तुझी भेट.

शालूबद्दल म्हणशील तर, ज्याला एक काचेची पेटी स्वच्छ देता येत नाही त्याच्या घरी मी बायको बाळंतपणाला कोणत्या भरवशावर पाठवू? काल दुकानात चारचौघांत बोललो तेच लिहितो. तळाला तू ठेवलेली पांढरी शिंपली माझ्या खुर्चीवरून दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कोल्हापूरच्या गाडीत बसवीन. तोवर विचारू नये. लग्नसराई तोंडावर आली आहे आणि पोलक्यांचा ढीग पडला आहे.

लोभाचे पाणी नितळल्यावर बघू.

गणपतराव


॥ श्री ॥

कोल्हापूर
३० जानेवारी १९७५

ती. स्व. दाजी यांस,
सा. न. वि. वि.

शिंपली दिसू नये याची व्यवस्था आपण रोज पहाटे बादलीने करता, आणि दुपारी ती कुठे गेली म्हणून मला विचारता. वरून बदाबदा पाणी ओतल्यावर वाळू ढवळणारच. तुरटीचे म्हणाल तर पावसाळ्यात आम्हीही फिरवतो. पण त्या पाण्यात आम्ही राहत नाही.

आपण शेवटी पोलक्यांचा ढीग लिहिला नसता, तर मी शिंपलीवर विश्वास ठेवला असता. आठवा लागेपर्यंत पाणी गढूळ राहिले की आक्का आपोआप तिथेच राहते, यंत्रही चालू राहते. एवढे कळायला मॅट्रिक व्हावे लागत नाही.

येत्या सोमवारी मी येतो आणि तिला घेऊन जातो. राग आल्यास समोर बोलावे.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

ज्ञानू


॥ श्री ॥

कोल्हापूर
५ फेब्रुवारी १९७५

ती. स्व. धोंडुबाई मावशी यांस,
ज्ञानूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र आक्का वाचून दाखवील. तिने मध्ये काही गाळले असे वाटले, तर पुन्हा वाचायला लावावे.

परवा मी आलो, तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी, दाजींनी, मला दुकानाच्या पायरीवरूनच परतवून लावले. आक्का यंत्रावरून उठू लागली तर तिलाही बसवले. तुम्ही मागच्या दाराने बोलावून चहा दिलात. चहा पिताना एक गोष्ट मनात आली, पण तेव्हा धीर झाला नाही, म्हणून लिहितो.

सगळे तिला पेटी म्हणतात, म्हणून ती हंड्या-घागरींच्या ओळीत बसली आणि रोज पालथी होऊ लागली. मावशी, ती विहीर आहे. लहान आहे, काचेची आहे, दुकानात आहे, पण विहीरच. तिच्यात जीव राहतात, वेल वाढते, तळाला वाळू आहे. तुमच्या मळ्यातली विहीर पाणी शिळे झाले म्हणून कुणी पहाटे उपसते काय? ती नवी खोदली तेव्हा पहिले पाणी गढूळच आले असेल. तुम्ही बसू दिलेत, ते बसले. या पाण्यालाही तेवढाच वेळ हवा. आटेल तेवढे तांब्याने काठाकाठाने घालावे. भाकरी कुस्करून घालू नये.

दाजींनी शिंपलीचा शब्द दिला तेव्हा तुम्ही तिथे होता. मी शब्दावर बोलत नाही. आक्काच्या पायांकडे एकदा दिवसाउजेडी बघा, एवढेच म्हणतो.

तुमचा लोभ माझ्या चहाच्या कपात होता, तो तसाच असू द्यावा.

तुमचा,
ज्ञानू


॥ श्री ॥

मलकापूर
११ फेब्रुवारी १९७५

ज्ञानू यास,

आशीर्वाद मुद्दाम लिहिला नाही.

माझ्या घरात माझ्या आईला फितवलेस. तिने बादली कुठे ठेवली आहे ते ती सांगत नाही. चौकटीला हळदकुंकू लावले आहे. मला माझ्याच दुकानात पेटीजवळ चपला घालून जाता येत नाही. एक म्हातारे गिऱ्हाईक धोतरजोडी घ्यायला आले, ते आधी माशांना नमस्कार करून मग गादीवर बसले. सगळा बाजार मला विचारतो, विहिरीला मोटार कधी बसवणार?

आणि पाणी आधीपेक्षा पांढरे आहे. मासा काचेला नाक लावतो तेव्हाच तो आहे असे कळते. तुझी विहीर आंधळी आहे. आठवा लागायला किती दिवस राहिले ते तू मोजत असशीलच, मीही मोजतो आहे.

लोभ मागू नये.

गणपतराव


॥ श्री ॥

मलकापूर
१७ फेब्रुवारी १९७५

ज्ञानू यास,
आ. वि. वि.

काल बाजाराचा दिवस होता आणि दुकान भरलेले होते. मी कापड फाडत उभा होतो. आई येऊन माझ्या खुर्चीवर बसली, पेटीकडे बराच वेळ बघत राहिली, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिपली दिसतीया की. गणपा, तुला दिसत न्हाय व्हय? मग डोळं दाखीव जा. पोरीला उद्याच्या गाडीत बशीव."

मी म्हणालो, मला दिसत नाही. ती म्हणाली, खुर्चीवरून दिसेल असे बोलला होतास, खुर्चीवर कोण बसेल ते बोलला नव्हतास. लोक हसले. त्यांनी एकेकाने खुर्चीवर बसून पाहिले, आणि सगळ्यांना दिसली. मी नंतर दुकान बंद झाल्यावर बसून पाहिले. मला पांढरे काहीतरी दिसते. ती शिंपलीच आहे असे मी म्हणणार नाही.

शालूला आज दुपारच्या गाडीत बसवत आहे. पत्र तिच्याच हाती देतो. कापलेल्या पोलक्यांचे गाठोडे सोबत आहे. बसल्या बसल्या होतील, तिला करमेलही. पाणी तुझ्यामुळे नितळले असे गावभर सांगू नये.

लोभ आईकडे मागावा. इकडे शिल्लक नाही.

गणपतराव

ता. क. दोन तांबड्यांपैकी मोठा मासा सकाळपासून तळाशी बसून आहे. खात नाही. असा बसतो काय? पाणी बदलू काय? आईला न सांगता बदलता येईल. उलट टपाली कळव.


॥ श्री ॥

कोल्हापूर
२० फेब्रुवारी १९७५

ती. स्व. दाजी यांस,
सा. न. वि. वि.

आक्का सुखरूप पोचली. पोलक्यांचे गाठोडे दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कंडक्टरच्या हाती परत पाठवले आहे. मलकापूरच्या स्टँडवर चौकशी करून घ्यावे. आमच्या घरी शिवणयंत्र नाही, आणि असते तरी परत पाठवले असते.

माशाविषयी आपण विचारले आहे. पाणी बदलू नये. तुरटी नको, भाकरी नको, काचेवर टकटक करू नये. तो दमलेला असेल. रोज पहाटे ज्याचे घर उपसले गेले, तो पाणी थांबल्यावर काही दिवस बसणारच.

आक्काही आल्यापासून बसून आहे. फार बोलत नाही. आई तिच्या पायांखाली उशी ठेवते आणि उठून जाते. आम्ही तिला काही विचारत नाही आणि उठवतही नाही. काल संध्याकाळी घोट्याचे हाड पहिल्यांदा दिसले.

मासा उठेल तेव्हा कळवावे. आक्का उठेल तेव्हा मी कळवीन. तोवर दोन्हीकडे कुणी बादली घेऊन जाऊ नये.

मावशींना साष्टांग नमस्कार. लोभ ढवळू नये, ही विनंती.

आपला,
ज्ञानू