वहीतलं ‘पोचली’

सोमवार, ४
आले बाई एकदाची! खोली काड्यापेटीएवढी, पण खिडकी मोठी आणि घरमालकीणबाई बोलक्या. नोकरी चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात. दिव्यासमोर भिंग धरायचं, ओरखडा दिसला की बाजूला काढायचं. दुसरी पाळी, अकराला सुटते. खोली वीस मिनिटांवर. दादाने फोनवर पारायण केलंच: उजेडाचा रस्ता धर, कानात गाणी नकोत, मागे कुणी वाटलं तर धाव. मी म्हटलं, अरे, ओरखडे शोधणारी नजर आहे माझी!

मंगळवार, ५
इथली एक पद्धत फार आवडली. एकटीने निघणारीने फाटकावरच्या वहीत नाव, रस्ता आणि वेळ लिहायची. घरी पोचल्यावर वॉचमनकाकांच्या मोबाइलवर कळवायचं, मग ते त्या ओळीपुढे ‘पोचली’ लिहितात. अर्ध्या तासात ते लिहिलेलं नसलं, तर सुपरवायझर शोधायला माणसं पाठवतात. काका सगळ्यांना बाळ म्हणतात. हे ऐकून दादाचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवार, ८
काल पुलावरून गेले. मागे पावलं. मी थांबले की तीही थांबायची. आज म्हणून शाळेमागचा रस्ता धरला, तर कोपऱ्यावर कुणीतरी आधीच उभं! जीव मुठीत धरून पळाले. खोलीवरून काकांना फोन केला. ते धापा टाकत होते. म्हणाले, आत्ताच जिना चढून आलो बाळ.

शनिवार, ९
फाटकाच्या खोलीला जिना नाही. आज नीट पाहिलं. आणि माझा रस्ता आधीपासून कुणाला ठाऊक असतो? वही वाचणाऱ्याला. रोज मीच लिहून देते, सुवाच्य अक्षरात.

सोमवार, ११
वहीची मागची पानं चाळली. माझ्या जागेवर आधी होती ती मुलगी न सांगता नोकरी सोडून गेली म्हणतात. तिची शेवटची ओळ: पुलाचा रस्ता, ११.०५. पुढे काकांच्या अक्षरात ‘पोचली’. म्हणजे तिला कुणी शोधलंच नाही.
सुपरवायझरना सगळं सांगितलं. ते हसले. काका वीस वर्षं इथे आहेत, म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मी काकांशी बोलतो.
बोलू नका, म्हणायला हवं होतं.

मंगळवार, १२
कपडे बदलायच्या खोलीत लिहितेय. अकरा वाजून गेले. बाकीच्या बसने गेल्या. फाटकावर वही उघडी होती, ती पाहून तशीच आत पळत आले. माझं नाव. शाळेमागचा रस्ता. मी लिहिलेलं नाही. पुढे — ११.२५, पोचली.
मी अजून निघालेलीच नाही.
सुपरवायझर घरी गेलेत. दादाचा फोन लागत नाही — परत लावते —

काका दाराबाहेर. मायेने बोलतायत. एकटी नको जाऊस म्हणे, साहेबांनी तुला सोडायला सांगितलंय. दाराला आतून कडी नाही. बाकडं सरकवलं —

मागचे दिवे गेले.

दादा, वहीत काहीही लिहिलेलं असो, मी पोचले नाही. मला शोध, मी इथेच —
बाकडं हल