फोंटेनोने बॉल कधी सोडावा

८ सप्टेंबर, रविवार

शी. शी. शी.

पहिलीच मॅच, आणि पोराने तीनदा बॉल नेऊन समोरच्यांच्या हातात दिला. फुकट जेवणाच्या रांगेत सूप वाढावं तसा.

कीगन फोंटेनो. वय बावीस. आमच्या एरी गल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा क्वार्टरबॅक. म्हणजे सगळा खेळ याच्या डोक्यावर, आणि तेच नेमकं रिकामं. समोरून चार रेडे अंगावर येतात तेव्हा शहाणा माणूस बॉल मैदानाबाहेर भिरकावतो आणि पुढच्या डावाला लागतो. हा सोडतच नाही! इकडे पळ, तिकडे पळ, शेवटी डोळे मिटून फेक.

मी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. निर्णय कसा घ्यावा हे मला कोणी सांगू नये.

शेजारच्या खुर्चीत मेहुणा ड्वेन. माझं लग्न झाल्यापासून आमच्या सीझनभराच्या तिकिटांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी. म्हणतो, लेनी, पोर आहे रे, शिकेल. त्याची कुत्री म्हातारी झाली तरी सोफ्यावर मुतते. तिच्याबद्दलही त्याचं हेच मत.

संकल्प: यंदा गल्सच्या फॅन-पेजवर एक अक्षर लिहायचं नाही. तिथली माणसं बघून ओकारी येते. रोझलिनला तसं जाहीर सांगितलं. ती बरं म्हणाली आणि भांडी विसळत राहिली. बायकोला नवऱ्याच्या मनोबलाचं कौतुक नसतं.

९ सप्टेंबर, सोमवार

नुसतं वाचलं.

एक छोटी चूक मात्र दुरुस्त करावी लागली. 'ब्लूबेरीपाय' नावाचा कोणी लिहितो की तिन्ही वेळा चूक बॉल झेलणाऱ्यांची. ज्याने स्वतःला गोड पदार्थाचं नाव दिलंय त्याने फुटबॉलवर बोलावं? त्याला एका ओळीत उत्तर दिलं. मग त्या ओळीचं स्पष्टीकरण. मग स्पष्टीकरणावर त्याने विचारलेल्या खवचट प्रश्नाचं उत्तर. याला वाद म्हणत नाहीत. याला समाजशिक्षण म्हणतात.

रोझलिन दोनदा जेवायला बोलावून गेली म्हणे. मला एकदाच ऐकू आलं.

२९ सप्टेंबर, रविवार

पुन्हा हरलो. आता सगळ्यात किळसवाणी गोष्ट: फोंटेनो स्वतः फॅन-पेजवर येऊन लोकांशी भांडतो! कोणी त्याला गाढव म्हणालं की हा लगेच, तूच गाढव. अरे, लाखांतला एक तू, आणि कोण कुठला टवाळ तुला डिवचतो तर धावून जातोस? प्रत्येक कुत्र्याच्या भुंकण्याला उत्तर द्यायचं नसतं. इथेही तेच, सोडता येत नाही!

त्याला मोठ्या माणसाच्या नात्याने पत्रासारखं लिहिलं. पाच परिच्छेद. शेवटी लिहिलं, 'बाळा, मूर्खांना उत्तर देऊ नये.'

१ ऑक्टोबर, मंगळवार

फोंटेनोने उत्तर दिलं. मला.

'बरं आजोबा. औषध घेतलंत का?'

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. औषध घेतलं होतं.

सगळं पेज हसतंय. त्या वाक्याचे टी-शर्ट काढा म्हणतायत. आणि सगळ्यात पहिला, डोळ्यांतून पाणी काढत हसणारा चेहरा कोणाचा? ड्वेनचा! खाली लिहितो, 'लेनी, या डावात तू आऊट. पोराने अगदी योग्य निर्णय घेतला.'

रक्ताचा नाही, पण माणूस म्हणावा तरी आपला.

२ ऑक्टोबर, बुधवार

ड्वेनला मुद्देसूद उत्तर दिलं. लिहिलं की ज्याची बायको वसंतात बॅगा भरून निघून गेली आणि ज्याला ते ती गेल्यावर कळलं, त्याने इतरांच्या निर्णयक्षमतेला प्रमाणपत्रं वाटू नयेत.

चपखल. मीच दोनदा वाचलं.

पेजवर एकदम सामसूम. मुद्दा पटला की असंच होतं. ब्लूबेरीपायने फक्त लिहिलं, 'अहो, हे काय?' त्याच्याकडे उत्तर नव्हतं, हे उघड आहे.

रोझलिनने वाचलं. म्हणाली, लेनी, कॉनी गेली त्या रात्री तो आपल्या सोफ्यावर झोपला होता. तू त्याला पांघरूण घातलंस. मी म्हटलं, हो ना, म्हणून तर मला सगळी माहिती आहे. ती उठून आत गेली. बायका मुद्दा सोडून भावनेवर येतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

ड्वेन मॅचला आला नाही. सर्दी असेल. त्याच्या खुर्चीवर पाय पसरून बसलो. फार आरामशीर. हरलो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मिसेस हदाद यांचा धडा. नवरा वारल्यावर साठीत गाडी शिकतायत, बिचाऱ्या जीव मुठीत धरून चालवतात. आम्ही तळ्याकाठच्या रस्त्याला, मी शांतपणे शिकवतोय. तेवढ्यात फोनवर ब्लूबेरीपाय. आकडे घेऊन आला होता. आकडे! मी उत्तर लिहिता लिहिता सहज पुटपुटलो, जा, खड्ड्यात जा.

त्या गेल्या.

रस्त्याकडेचा चर होता. फार खोल नव्हता. दोघांना काही लागलं नाही, गाडीचं नाक तेवढं चेपलं. मिसेस हदाद रडत म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंत ना हो? आता हे बघा, समोर चर दिसतोय आणि कोणी म्हणालं म्हणून घालायची गाडी? निर्णयक्षमता नाही. सगळ्या देशाची हीच बोंब आहे.

मालकांनी मला थोडे दिवस घरी राहायला सांगितलं. त्यांना फॅन-पेजबद्दल कोणीतरी कळवलेलं दिसतं.

३ नोव्हेंबर, रविवार

आता वेळच वेळ. पेजवर दिवसाला आठ-दहा लेख टाकतोय. गंमत म्हणजे कोणी प्रत्युत्तर देत नाही. ब्लूबेरीपायसुद्धा गप्प. सगळ्यांची दातखीळ बसली. संकल्पाला अर्थ असतो तो असा: वाद घालायचा नाही, जिंकायचा.

रोझलिन हल्ली रविवारी ड्वेनकडे जेवते. मी सूप गरम करून घेतो. मला सूप आवडतं.

१७ नोव्हेंबर, रविवार



शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी पुढे. रेडे फोंटेनोच्या अंगावर आले. मी ओरडलो, सोड रे, सोड! आणि त्याने सोडला! थेट मैदानाबाहेर, पाण्याच्या पिंपापाशी. कसला देखणा भिरकावला. पुढच्या डावात वेळ संपली. जिंकलो!

मी उडी मारली आणि उजवीकडे वळून ड्वेनला कडकडून मिठी मारली.

ड्वेन नव्हता. त्याने तिकीट विकलंय. कोणी जाडा गृहस्थ होता, हातात पातळ चीजचा मोठा द्रोण. चीज गरम होतं. त्याने विचारलं, आपण ओळखता का मला?

घरी येऊन लगेच पेजवर टाकलं: 'माझा सल्ला अखेर ऐकला.' कोणाचा प्रतिसाद नाही. रोझलिनला म्हटलं, तू तरी लाइकचा अंगठा दे. तिने तिच्या फोनवर शोधलं. म्हणाली, इथे तुझं काहीच दिसत नाही. वर गेली, खाली गेली. काहीच नाही. ऑक्टोबरनंतर एक ओळ नाही.

पेज चालवणाऱ्यांनी अशी सोय केली आहे म्हणे की माझे लेख फक्त मलाच दिसतात.

नीच. विकृत. पण एका अर्थी दर्जेदार वाचकवर्ग.

२५ नोव्हेंबर, सोमवार

काल हरलो, फोंटेनो पुन्हा डोळे मिटून.

थँक्सगिव्हिंगचं जेवण यंदा ड्वेनकडे. रोझलिनने बजावलं: दारातच माफी मागायची. दोन वाक्यं. त्यात 'पण' हा शब्द नको. मी म्हटलं, माझ्यासारख्याला काय अवघड आहे. आरशासमोर सराव केला. उत्तम जमतं. आरसा मध्ये बोलत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं ठरल्याप्रमाणे झालं, जवळजवळ.

माझ्या हातात बटाट्यांचं भांडं. ड्वेनने दार उघडलं. ॲप्रन घातलेला, वाळलाय बराच. मी म्हटलं, ड्वेन, मी जे लिहिलं ते घाणेरडं होतं. मला माफ कर. झाली दोन वाक्यं! रोझलिनने माझ्या पाठीवर हात ठेवला. कित्येक दिवसांनी.

ड्वेनचे डोळे भरले. म्हणाला, जाऊ दे रे लेन्या, आत ये, थंडी आहे. आणि खरं सांगू? तुझंच बरोबर होतं. त्या पोराच्यात काही दम नाही.

इथे थांबायचं होतं. कळत होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरून स्वच्छ दिसत होतं की त्याला हे पटलेलं नाही, नुसतं माझं तोंड बंद करायला म्हणतोय! असली खोटी शरणागती मला सहन होत नाही. मी म्हटलं, दम नाही कसा? सतरा तारखेचा तो बॉल विसरलास? बावीसचं पोर आहे, शिकेल!

तो म्हणाला, हेच तर मी सप्टेंबरपासून सांगतोय.

मी म्हटलं, हो, पण तुझी कारणं चुकीची होती. तुला वेळेवर काही दिसतच नाही, आता कॉनीचंच उदाहरण घे.

उदाहरण म्हणून घेतलं होतं.

रोझलिनने माझ्या हातातलं बटाट्यांचं भांडं काढून घेतलं. हळू आवाजात म्हणाली, लेनी, तू गाडीत बस. दार लागलं.

गाडीतून लिहितोय. खिडकीतून त्यांचं टर्की कापणं चाललेलं दिसतंय. मी मुळीच नाराज नाही. ड्वेनला यावंच लागेल, कारण मी त्याच्या गाडीच्या मागेच गाडी लावलीय.

थोड्या वेळाने

आला. मी काच खाली केली, चेहरा मोठ्या मनाचा केला. म्हणाला, जरा गाडी मागे घेतोस? क्रीम संपलंय, दुकानात जाऊन येतो.

मी घेतली. तो गेला, आला, आत गेला.

माझी गाडी अजून रस्त्यातच आहे. पुन्हा पुढे घ्यावी की घरी जावं, ठरत नाहीये.