पोरांना सांभाळशील का

फोर्तुनातो,

काल तुझी बहीण निरोप घेऊन आली. तुझी दुसरी बायको चौथ्या बाळंतपणात गेली म्हणे, आणि तू विचारलंयस, "सातुर्निना माझ्या पोरांना सांभाळेल का?"

योलानंतर मूल होत नाही म्हणून जिला सोडलंस, तिलाच विचारतोस?

आपली पोरगी योला झाली तेव्हा दवाखान्यातल्या बाईनं स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मला आपल्या डोंगरातल्या केचुआ बोलीखेरीज काय कळत होतं? मी मान डोलावली. पुढं कूस उजवलीच नाही. तुझी आई म्हणायची, "एक पोरगी देऊन हिचं शेत ओस पडलं." तू खाली मान घालून जेवायचास, आणि एक दिवस किनाऱ्याकडं निघून गेलास. पुन्हा मूल होऊ नये म्हणून दवाखान्यातल्यांनी योलाच्या वेळीच माझं ऑपरेशन केलं होतं, हे तू गेल्यावर वर्षभरानं एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं. तरीही मी दर हिवाळ्यात एक लहानशी टोपी विणते.

बहीण म्हणाली, "धाकटं बाटलीला तोंडच लावत नाही गं." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. उद्याच्या गाडीनं येतेय. हे पत्र पाठवत नाही. बाळाला मांडीवर घेईन आणि सगळं तुझ्या तोंडावर सांगेन. तुला ते शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

योलाची आई,
सातुर्निना