माणसं किती?

६ एप्रिल

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार. इकडे मी ठणठणीत आहे आणि मशीनही. तुमचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवा, आणि खरं कळवा. नुसतं "बरे आहेत" म्हणून भागणार नाही, कारण या वेळी गुडघ्यांना काम लागणार आहे.

वन्सं, आपण डोंगरावर जातोय!

हो, तेच गाव. आपण दोघींनी आजवर फक्त खालून मान वर करून बघितलेलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, अख्खा आठवडा. हॉटेल नाही हं, सबंध घर भाड्याने घेतेय. ठरलंय म्हणजे ठरल्यातच जमा आहे. मालकीणबाईंना एकच गोष्ट कळवायची राहिली आहे, ती शेवटी सांगते.

घराचे फोटो फोनवर इतक्या वेळा बघितलेत की डोळे मिटून त्यात चालू शकेन. उतारावर आहे, लाल पत्र्याचं छप्पर. पुढे लाकडी सज्जा, त्यात वेताच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या समोर काहीही नाही, म्हणजे नुसती दरी. स्वयंपाकघरातल्या मोरीवर खिडकी आहे, भांडी घासतानाही दरीच दिसते. तेव्हा आधीच बजावून ठेवते, आठवडाभर भांडी मी घासणार, तुम्ही लुडबुड करायची नाही. बैठकीत शेकोटीची जागा आहे. झोपायच्या खोल्या तीन. त्यातली एक खाली आहे, ती मी मनातल्या मनात तुमच्या नावावर करून टाकलीय.

आता हसू नका. फोटो बोटांनी मोठा करून बघितला, तर बैठकीतल्या मोठ्या खिडकीचे पडदे आखूड! चांगले वीतभर आखूड. अंगाने वाढलेल्या मुलाची जुनी पँट असावी तसे वर लटकताहेत. मग काय, मला राहवेना. फोनवर पाण्याचं, गॅसचं विचारायचं सोडून मी आधी खिडकीचं माप विचारलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला राहायचंय की खिडकी विकत घ्यायचीय?" मी म्हटलं, "राहायचंच आहे, पण तुमच्या पडद्याखालून थंडी आत येईल आणि माझ्या वन्संचे गुडघे धरतील." आता बाई स्वतः टेप घेऊन माप काढणार आहेत. जाताना नवे पडदे शिवूनच नेऊ. कापड आम्ही कालच बघून आलो. मोरपंखी की विटकरी, यावर घोडं अडलंय.

प्रवासाची काळजी करू नका. गाडीची सोय आहे. ऐसपैस गाडी आहे, पाय लांब करून बसता येईल. घाई करायची नाही, थांबत थांबत जायचं, असं आम्ही ठरवलंय.

तिसरं वळण आठवतं ना? मला तर कालच घडल्यासारखं आठवतं. बस जेमतेम घाटाला लागली आणि तुमच्या दादांचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला. कंडक्टरने आपल्या तिघांना सामानासकट खाली उतरवलं. डोक्यावर ओला रुमाल ठेवून दादा मैलाच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." त्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, पुढच्या वर्षी डोंगरालाच खाली बोलावू." तशा अवस्थेतही ते हसले, आणि हसता हसता पुन्हा उलटी झाली. समोरच्या टपरीवर चहा घेऊन आपण परतीची बस धरली. त्यानंतर दर उन्हाळ्यात "पुढच्या वर्षी". अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा, तोंडावरची नळी बाजूला करून, "पुढच्या वर्षी."

असो. आता आणायच्या वस्तू. लोकरी मोजे, तुमचं भिंग, वाचायला काहीतरी जाडजूड, आणि पत्ते. तिघांत खेळता येतील असे डाव आठवून ठेवा. म्हणजे मालकीणबाई अधूनमधून डोकावल्या तर.

मालकीणबाईंना वीस तारखेपर्यंत माणसं किती ते कळवायचंय. परवा त्यांनी विचारलं तर मी आधी दोन म्हटलं, मग तीन म्हटलं, मग "कळवते" म्हणून फोन ठेवला. तुमचं हो आलं की सांगून टाकते. लवकर लिहा. नाही म्हणायचं असेल तर पत्र लिहायचे कष्टच घेऊ नका.

तुमची,
वहिनी

———

११ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. वाचून काही शंका आल्या, त्या अशा.

"कापड आम्ही कालच बघून आलो." मी तर इथे होते. आम्ही कोण?

"असं आम्ही ठरवलंय." पुन्हा तेच. आपण लिहायचं होतं आणि चुकून आम्ही झालं असेल, तर तसं कळवा. चूक नसेल तर तेही कळवा.

गाडी ऐसपैस आहे. चालवणार कोण? तुम्हाला सायकलही येत नाही.

दोघींना तीन खोल्या कशाला? आणि भाड्याने दिलेल्या घरात मालकीणबाई रोज पत्ते खेळायला येतात, हे मी प्रथमच ऐकते आहे.

गुडघे बरे आहेत.

———

१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

कार्ड मिळालं. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईला असलं पत्र धाडायचं म्हणजे माझीच अक्कल गहाण पडली होती. पण तुमच्या शंकांपेक्षा मला लागला तो "तुमचं" हा शब्द. इतक्या वर्षांत तुम्ही मला तू सोडून तुम्ही म्हणालात ते दोनच वेळा. एकदा मी तुमचा लोकरी स्वेटर गरम पाण्यात टाकून बाहुलीच्या मापाचा केला तेव्हा. आणि एकदा दादा गेल्यावर मी न रडता लगेच मशीनवर जाऊन बसले तेव्हा. तुम्हाला राग आला की मला बढती मिळते.

तर आम्ही म्हणजे मी आणि दांडीवाले.

तुम्ही त्यांना बघितलंय. मागे तुम्ही राहायला आला होतात तेव्हा ते शिडी घेऊन दारात ताटकळत उभे होते, आणि तुम्ही म्हणालात, "आत या, शिडीलाही बसायला जागा आहे." तेच. मी शिवलेल्या पडद्यांच्या दांड्या लोकांच्या घरी तेच बसवतात. सगळे दांडीवाले म्हणतात, पण एवढ्या वर्षांत एकही दांडी मारलेली नाही. कधीपासून एकटेच आहेत. बोलणं कमी, भोक पाडायच्या आधी भिंतीवर टकटक करून कान लावून ऐकतात. गाडी त्यांचीच. वरची शिडी तेवढी उतरवून ठेवणार आहेत.

कसं झालं ते सांगते, मग काय ते रागवा. एका नव्या फ्लॅटमध्ये काम चाललं होतं. ते वर शिडीवर, मी खाली पडद्याचा घोळ धरून. मी नेहमीसारखं ओरडले, "अहो, डावीकडे उतरलीय जरा!" आता अहो आपण कुणालाही म्हणतो, भाजीवाल्यालाही म्हणतो. पण त्या घरची बाई कौतुकाने म्हणाली, "तुमचे मिस्टर किती मन लावून काम करतात हो." आणि वन्सं, आम्ही दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही. मी घोळाकडे बघत राहिले, ते दांडीकडे.

खाली आल्यावर शिडी गाडीवर बांधता बांधता ते म्हणाले, "बाईंना सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"माझे हात वर होते."

"बोलायला हात लागतात?"

त्यावर दोघंही इतके हसलो की त्यांच्या हातातली दोरी सुटली आणि शिडी घसरून माझ्या पायावर येता येता राहिली. गाठ पुन्हा मारताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. विचार करून सांगते, असंही म्हटलं नाही. डोंगरावरून परत आल्यावर नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करायच्या, असं ठरलंय.

वन्सं, मला आनंद झालाय. लपवता येत नाही इतका आनंद झालाय. सकाळी जाग येते तेव्हा काहीतरी छान घडलंय एवढंच आधी आठवतं, काय घडलंय ते मागाहून आठवतं. गिऱ्हाइकाच्या पडद्याला परवा उलट्या बाजूने शिलाई मारली आणि उसवतानाही मी गुणगुणत होते. या वयात एवढा आनंद शोभतो का, ते मला माहीत नाही. झालाय खरा.

तुमच्यापासून का लपवलं? वाटलं, आधी डोंगर दाखवावा, सज्जात खुर्चीवर बसवावं, हातात चहाचा कप द्यावा आणि मग सांगावं. म्हणजे तुम्हाला चिडून उठून जाता आलं नसतं. तेवढ्या उतारावर तुमचे गुडघे साथ देणार नाहीत, असा हिशेब होता. नीच हिशेब होता, कबूल.

पण खरी भीती वेगळीच आहे, तीही सांगून टाकते. लोक काय म्हणतील याची नाही. तुमच्या दादांची तर मुळीच नाही. दांडीवाल्यांना मी तिसऱ्या वळणाची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाले, "तिथे थांबू. टपरी असेल तर चहा तिथेच घेऊ." थांबत थांबत जायचं ठरलं ते असं.

भीती आहे ती तुमची. दादांमुळे मी तुमची वहिनी झाले. उद्या मी दुसऱ्या कुणाची बायको झाले तर तुमची कोण? त्या नात्याला काही नाव नाही, मी खूप शोधलं. माहेरचं आता कुणी उरलं नाही, आणि सबंध जगात मला वहिनी म्हणणारं माणूस एकच आहे. त्या माणसाने एके दिवशी मला "अहो बाई" म्हणून हाक मारली तर मी ती ऐकू शकणार नाही. लग्नाला मी तुमची परवानगी मागत नाहीये, ते मी करणार आहे, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मी माझ्या वन्सं मागतेय.

तुम्ही मला एकदा छापखान्यात शिकवलं होतं. चुकून खोडलेला शब्द ठेवायचाच असला, तर त्याच्याखाली लाल शाईने टिंबं देतात. म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने समजायचं, हा शब्द होता तिथेच राहू द्यायचा. खाली सही आधीच करून ठेवली, पण "वहिनी" हा शब्द लिहायचा हक्क आपल्याला आहे की नाही ते कळेना, म्हणून त्यावर रेघ मारून ठेवलीय. लाल शाई तुमच्याकडे आहे. पत्र परत पाठवा.

वीस तारखेपर्यंत मी मालकीणबाईंचा फोन उचलणार नाही.

तुमची,
वहिनी

———

१७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. आनंद हा शब्द एका दमात इतक्या वेळा कुणी लिहीत नाही. माझ्याकडे प्रूफ आलं असतं तर निम्मे कापले असते. इथे एकही कापलेला नाही.

गुडघे बरे नाहीत. खालची खोली मलाच हवी, आणि गाडीत पुढची जागाही. तू मागे बस, पडदे सांभाळ. पडदे मोरपंखी कर. विटकरी सुचवणारे दांडीवाले असणार, त्यांना म्हणावं रंगात लक्ष घालू नका.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी रडले. तुझ्यामुळे नाही. दादासाठी रडले, खूप दिवसांनी. मग तोंड धुतलं आणि मोजे शोधायला कपाट उघडलं. तो पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणायचा. त्याचं पुढचं वर्ष एकदाचं आलं, असं मी समजते. तिसऱ्या वळणावर चहा चार कप सांगायचा. चौथा मी पिईन.

मला आधी सांगितलं नाहीस याचा राग आहेच. तो इथे पत्रात वाया घालवत नाही, वर नेते आणि सज्जात बसून सावकाश काढते. तेव्हा तू उठून जायचं नाहीस. दांडीवाल्यांना काय म्हणायचं ते मात्र मलाही सुचत नाही. सध्या तुझंच अहो उसनं घेईन.

मालकीणबाईंचा फोन उचल आणि सांग, तीन.

तू रेघ मारलेल्या शब्दाखाली टिंबं दिली आहेत. चष्मा नसतानाही दिसावीत म्हणून मोठी दिली आहेत. तो शब्द आता कुणीही हलवायचा नाही, तूसुद्धा.

तुझी,
वन्सं