पिजन ब्रँचची उसनी रिपब्लिकन

लिहून ठेवते मी, व्हर्ली मे स्टिडम, वय वर्षे ८१, अविवाहित, राहणार पिजन ब्रँच, ॲशर काउंटी, केंटकी. फुप्फुसं थकली आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. वकीलबाई लोरेटा कीन यांनी उलटसुलट प्रश्न विचारून त्याची खात्री करून घेतली आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करते. आधीचं रद्द समजावं. त्यात राग फार होता.

सरकारदरबारी माझा पक्ष ‘रिपब्लिकन’ असा नोंदलेला आहे. त्यावरून माझ्याबद्दल जे ठरवलं गेलं, त्याचाही निकाल याच कागदात लागावा अशी इच्छा आहे.

१. राहतं घर, परसातली सफरचंदाची झाडं आणि बँकेत असेल ते सगळं माझी भाची ड्रीमा हिला द्यावं. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, माझ्याशी बोलत नसताना ती दर रविवारी घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी घेऊन आली. दोन्ही घरांचं मीठ खाऊन तिने कुणाची चुगली केली नाही.

२. गोधड्या शिवायची चौकट शेजारीण ओव्हा टॅकेट हिला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणतात. म्हणून चौकट मी काल जिवंतपणीच देऊन टाकली. तिचे टाके लांब पडतात, हे तिला सांगून झालं आहे.

३. बाबांचा खाणीतला दिवाही ड्रीमाला. ती बापाच्या घरात राहते. दिवा तिथल्या भिंतीवर लागला तर माझी हरकत नाही.

४. रिपब्लिकन पक्षाने इतक्या वर्षांत मला पाठवलेली, हत्तीचं, म्हणजे त्यांच्या निशाणीचं, चित्र असलेली सगळी पत्रकं बुटांच्या खोक्यांत भरून ठेवली आहेत. ती माजी निवडणूक कारकून एस्टिल प्रेटर यांना द्यावीत. कारण खाली येतं.

कायद्याने मतदान केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं बसावी लागतात. १९९४ साली आमच्या खोऱ्यात औषधालाही रिपब्लिकन नव्हता. मनातून होते पुष्कळ, पण कागदावर सगळे डेमोक्रॅट. आमच्याकडे शेरीफ काय, तुरुंगाधिकारी काय, मे महिन्यात डेमोक्रॅटांच्या आपसातल्या निवडणुकीतच ठरतो, आणि तिथे मत द्यायचं तर नोंद त्याच पक्षात हवी. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, तसंच आमच्या डेमोक्रॅटांच्या निशाणीवरच्या गाढवाचंही. तर एस्टिल माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, एक जण तरी रिपब्लिकन मिळाला नाही तर चर्चच्या तळघरातलं केंद्र बंद होईल, मग सगळ्यांना डोंगरापलीकडे जावं लागेल. आईचे गुडघे गेलेले. तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. मी नोंद बदलून दिली. एस्टिलनी पुढे हे कुणाला सांगितलं नाही, उलट ‘व्हर्ली फिरली’ असं त्यांच्याच घरातून पसरलं.

पहिलं पत्रक आलं तेव्हा माझा धाकटा भाऊ हॉबर्ट स्वयंपाकघरात होता. बाबांची सगळी हयात खाणकामगारांच्या युनियनमध्ये गेली, त्याचीही तिथेच जात होती. पत्रक टेबलावर ठेवून तो म्हणाला, “ताई, बाबांच्या घरात हत्ती बांधलास? आता चारापण तूच घाल.”

मी म्हणाले, “का केलं ते विचारशील, तेव्हा सांगीन.”

त्याने विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, की टेकडीवरच्या आपल्या दफनभूमीत बाबांशेजारी हत्ती पुरायला जागा नाही. ती टेकडी त्याच्या नावावर आहे.

त्या नोव्हेंबरात त्याने आईला खुर्चीसकट उचलून चर्चच्या पायऱ्या उतरवल्या. टेबलापाशी मीच बसले होते. नियमाप्रमाणे मी विचारलं, “नाव?” तो म्हणाला, “हॉबर्ट स्टिडम.” मी यादीत त्याच्या नावापुढे खूण केली. पुढे आई गेली, तरी दर निवडणुकीला आमच्यात बोलणं झालं ते एवढंच. जे केंद्र राहावं म्हणून मी नाव लिहून दिलं, तिथेच तो मला परक्यासारखं नाव सांगत होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते वाक्य मी गिळून बसले, कारण आधी त्याने विचारायला हवं होतं. याचं मला फार वाईट वाटतं. आता ते केंद्रही बंद झालं आहे. सगळे डोंगरापलीकडेच जातात.

मत मी बाबांसारखंच दिलं, दर वेळी. आणि हॉबर्ट? खाण बंद पडल्यापासून तो नोव्हेंबरात हत्तीवरच खूण करतो, असं ओव्हाच्या नवऱ्याला तो स्वतःच बोलला. नोंद मात्र अजून डेमोक्रॅट, तुरुंगाधिकारी त्याचा मित्र आहे ना, मे महिन्यात त्याला मत द्यायचं असतं. त्याच्या मताचा मला राग नाही. खाण बंद पडली तेव्हा तो कसा खचला ते मी खिडकीतून पाहिलं आहे.

५. माझी शेवटची इच्छा: मला टेकडीवर आईशेजारी ठेवावं. ही जागा माझ्या मालकीची नाही, म्हणून ती मी कुणाला देऊ शकत नाही. फक्त मागू शकते. नाही मिळाली तर चर्चच्या मागे कुठेही चालेल. पण चालेल म्हणजे आवडेल असं नाही.

६. हॉबर्टला मी काहीही ठेवलेलं नाही. ते रागाने नव्हे. काही ठेवलं असतं तर तो साक्षीदार होऊ शकला नसता. साक्षीदाराला माझ्यासमोर बसून माझ्या नावाखाली नाव लिहावं लागतं. मी निरोप धाडला आहे. नाहीच आला तर ओव्हाचा नवरा सही करील.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

व्हर्ली मे स्टिडम
पिजन ब्रँच, ११ मे २०२३

साक्षीदार:
१. ओव्हा टॅकेट
२. हॉबर्ट स्टिडम

वकिलाची नोंद: साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही, फक्त सही होताना पाहिली. साक्षीदार क्र. २ यांनी आपल्या सहीखाली स्वतःच्या हाताने पुढील ओळ लिहिली. ती मृत्युपत्राचा भाग नाही. मृत्युपत्र करणारीच्या आग्रहावरून ठेवली आहे. — लो. कीन

आईच्या डावीकडची जागा साफ करून ठेवलीय. ताई, का केलंस?