मिठावर चालायचे बूट

नाशिक,
१६ डिसेंबर २००३

प्रिय ज्ञानेशदादा,

सुरत ते भुज, चारही तिकिटं पक्की झाली. योगेश आज दुपारी नाशिकरोडच्या आरक्षण खिडकीवरून थेट माझ्या ऑफिसात आला आणि सगळ्यांसमोर तिकिटं टेबलावर ठेवली. बायको म्हणून सांगते, लग्नाच्या दिवशीही त्याचा चेहरा इतका फुलला नव्हता. पाच जानेवारीला एसटीने सापुताऱ्यावरून सुरत, तिथे माझ्या नणंदेकडे मुक्काम, सहाला संध्याकाळची गाडी आणि सातला सकाळी भुज. त्याच दिवशी पौर्णिमा आहे. कच्छचं रण बघायचं तर पौर्णिमेला, असं तूच लिहिलं होतंस.

चार म्हणजे योगेश, मी, मळ्याशेजारच्या गोजरामावशी आणि आई. हो, आईसुद्धा. पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

सुरुवात तुझ्या फोटोने झाली. दिवाळीआधी तू पाठवलेला, पांढऱ्या जमिनीवर हात पसरून उभा असलेला. तो मी पंचांगात ठेवला होता आणि तुळशीच्या लग्नाला पंचांग मखमलाबादला मळ्यात नेलं, एवढीच माझी चूक. आईने फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं की हा हिमालयात कधी गेला, अंगात स्वेटर का नाही. मी म्हटलं, आई, तो बर्फ नाही, मीठ आहे. मग प्रश्न सुरू झाले. एवढं मीठ कुणाच्या मालकीचं, त्याला कुणी राखण बसतं का, तिथे काहीच उगवत नाही तर माणसं देवाला काय वाहतात. तिसऱ्या दिवशी झेंडू तोडता तोडता तिने मान वर न करता विचारलं, "तिकडं जायला यष्टी हाय का?"

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. योगेशने नकाशा आणून भिंतीला लावलाय. तारीख आईनेच काढली. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे फुलांना उठाव नाही, मळा आठ दिवस सोडला तरी चालतो. गोजरामावशींनी आधी नाक मुरडलं, पौषात कुणी नवीन काम काढतं का म्हणून. आई म्हणाली, आपण काम काढत नाही, फिरायला चाललोय. त्यावर मावशी म्हणाल्या, मग मलाही धर. रणात जायच्या परवान्याला फोटो लागतात असं योगेशला कुणीतरी सांगितलं, तर दोघी पंचवटीतल्या स्टुडिओत जाऊन काढून आल्या. फोटोत दोघी अशा बसल्यात, जणू कुणी त्यांच्यावर खटला भरलाय.

आणि बूट! आईच्या टाचांना किती भेगा आहेत तुला माहीत आहे. मिठावर चालायचं म्हणजे झोंबणार, हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं. रोज खोबरेल तेलात मेण वितळवून लावते आणि मेन रोडवरून पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. जन्मात पहिल्यांदा. सवय व्हावी म्हणून नऊवारीवर ते घालून गुलाबाच्या वाफ्यांतून फिरते. गोजरामावशी तिला पीटीच्या बाई म्हणतात. आई म्हणते, "हस हस, तिथं अनवाणी नाचशील तवा बघते."

दादा, मी तिला इतकी आनंदात आप्पा गेल्यापासून पाहिली नव्हती.

तू गेलास त्याला येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. भूकंपाच्या मदतीचा ट्रक आपल्या गावातून निघाला, तू पंधरा दिवसांसाठी बसलास आणि तिथलाच झालास. त्या सकाळी काय बोलणं झालं ते मला ठाऊक आहे, मी चुलीपाशीच होते. गेलास तर या बांधावर परत पाऊल ठेवू नकोस, असं ती म्हणाली आणि तू ते अक्षरशः पाळलंस. पण त्याच्या आधी काय झालं ते तुला आठवतं का? तू भाकरी खात होतास. ठेच्याला मीठ कमी म्हणालास. तिचे हात पिठाचे, डोकं तापलेलं, तिने मीठ ताटात न वाढता सरळ तुझ्या तळहातावर ठेवलं. मी पाहिलं, पण बोलले नाही. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं, हे तिनेच आपल्याला लहानपणापासून शिकवलं. अर्ध्या तासात तू उंबऱ्याबाहेर होतास. तू हसशील. मीही हसले असते, पण ती तीन वर्षं हेच धरून बसलीय. फोटो पाहिल्यावर मला म्हणाली, "तोंडातून गेलं ते माझं नव्हतं, मिठाचं होतं."

आता खरं सांगते. पंधरा दिवसांपूर्वी तिने मला विचारलं, त्याने बोलावलंय का? आणि मी हो म्हटलं. म्हटलं, आईला घेऊन ये असं त्याने लिहिलंय. दुसऱ्याच दिवशी तिने बूट आणले. आता रोज विचारते, "ते पत्र कुठाय? गोजराकडून वाचून घेते." फोनवर आईचं नाव निघालं की तू विषय बदलतोस, आणि तिला तर कागदच हवाय, म्हणून हे लिहिलं. चार ओळी पुरेत. मळ्याच्या पत्त्यावर, तिच्या नावाने, पाच तारखेच्या आत. मी बोललेलं खोटं तेवढं खरं कर. तिची एकच अट आहे. आधी तुझ्या खोलीवर यायचं नाही, आधी रणात जायचं. तिथे मीठ खालीच पडलेलं आहे, म्हणते, कुणी कुणाच्या हातावर द्यायला नको, दोघांनी आपापलं उचलायचं. पत्र आलं नाही तर ती सुरतेपर्यंतसुद्धा येणार नाही, मी तिला ओळखते. आलं, तर सात तारखेला सकाळी भुजच्या फलाटावर पांढरे बूट घातलेली नऊवारीतली बाई उतरेल. तिला शोधावं लागणार नाही.

तुझीच, पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
उज्वला